डॉक्टरेटनंतर आणखी शिकायचं कशासाठी?

लेकीला अमेरिकेतल्या विद्यापीठातून क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट मिळाली, म्हणून घरी पेढे वाटले जातात. आठवड्याभरात तिचाच फोन येतो, "आता एक वर्ष पोस्टडॉक करायचंय, लहान मुलांच्या ट्रॉमावर." त्यावर मावशीचा प्रश्न ठरलेला, "अगं, म्हणजे अजून शिकायचं राहिलंच आहे का?"

प्रश्न भाबडा असला तरी रास्त आहे. पाच-सहा वर्षं अभ्यास, प्रबंध आणि एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप एवढं झाल्यावरही शिकायचं काय उरतं? या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनातही पोस्टडॉकविषयी बरेच घोळ असतात. ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : पोस्टडॉक ही पीएचडीच्या वरची पदवी आहे.

वस्तुस्थिती : ही पदवी नाही. ती पगारी, मुदतीची आणि देखरेखीखालची नोकरी आहे. मुदत बहुधा एक वर्ष, कधी दोन. पगार मिळतो, पण परवानाधारक मानसशास्त्रज्ञापेक्षा कमी. अमेरिकेत पोस्टडॉक देणाऱ्या केंद्रांची 'ॲपिक' नावाची संघटना आहे. तिचे निकष पाहिले की या वर्षाचं स्वरूप कळतं. किमान 1500 तासांचं प्रशिक्षण, त्यातला किमान चौथा हिस्सा प्रत्यक्ष सेवा देण्यात आणि आठवड्याला किमान दोन तास अनुभवी मानसशास्त्रज्ञाबरोबर समोरासमोर बसून स्वतःच्या कामाची चिकित्सा. त्यालाच 'सुपरव्हिजन' म्हणतात. मुलाबरोबरच्या सत्राचं चित्रण मागेपुढे करत पाहायचं. मूल गप्प झालं तेव्हा आपण घाईने प्रश्न का विचारला, आई रडू लागली तेव्हा आपण विषय का बदलला, हे कुणीतरी आपल्याला दाखवून द्यायचं. उरलेलं शिकायचं ते हेच.

गैरसमज २ : पोस्टडॉकशिवाय अमेरिकेत परवाना मिळतच नाही.

वस्तुस्थिती : हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात देखरेखीखालचे 3000 तास लागतात आणि त्यातले किमान 1500 डॉक्टरेटनंतरचे असावे लागतात. वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत डॉक्टरेटच्या आधी भरलेले तासही चालतात. 'ईपीपीपी' ही 225 प्रश्नांची लेखी परीक्षा मात्र जवळपास कुठेच चुकत नाही. म्हणून आधी कुठल्या राज्यात राहायचं ते ठरवायचं, मग त्या राज्याच्या मंडळाचे नियम वाचायचे. आणि कायद्याने सक्ती नसली, तरी बालरुग्णालयांमधल्या जागांसाठी मुलांमध्ये काम केल्याचा भक्कम अनुभव पाहिला जातोच. क्लिनिकल चाइल्ड सायकॉलॉजी ही तिथे स्वतंत्र विशेष शाखा मानली जाते.

गैरसमज ३ : पोस्टडॉक म्हणजे संशोधन, आणि जागा संगणक ठरवतो.

वस्तुस्थिती : विज्ञान शाखांतल्या पोस्टडॉकमुळे हा समज झाला आहे. या क्षेत्रात दोन वाटा आहेत. एक संशोधनाची, दुसरी रुग्णसेवेची. काही ठिकाणी दोन्ही एकत्र असतात. फक्त संशोधनाच्या वाटेने गेलात तर परवान्यासाठी लागणारे तास भरतीलच असं नाही, त्यामुळे जाहिरात बारकाईने वाचावी. संगणकाने जुळवणी होते ती इंटर्नशिपची. पोस्टडॉकला बहुधा अर्ज, शिफारसपत्रं आणि मुलाखत अशी नोकरीसारखीच रीत असते.

गैरसमज ४ : मुलं लहान असतात, विसरून जातात. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण कशाला?

वस्तुस्थिती : आपल्याकडेही घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य आहे. ते किती चूक आहे, हे एका घटनेतून दिसतं. 15 जुलै 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या चौचिला या लहानशा गावात शाळेच्या बसमधली 26 मुलं आणि बसचालक यांचं तीन बंदूकधाऱ्यांनी अपहरण केलं. बंद गाड्यांतून त्यांना अनेक तास फिरवलं आणि दगडाच्या खाणीत पुरलेल्या एका मोठ्या ट्रकच्या सांगाड्यात कोंडलं. सुमारे सोळा तासांनी चालक आणि मुलांनी मिळून वाट काढली. सगळे जिवंत परतले. अंगावर मोठी जखम नाही, म्हणजे प्रकरण संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं.

लिनोर टेर या बालमानसोपचारतज्ज्ञ त्या मुलांना भेटत राहिल्या आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा भेटल्या. आघाताच्या खुणा प्रत्येक मुलात होत्या. मोठ्यांसारखी त्यांची तक्रार नव्हती. तोच तो खेळ पुन्हापुन्हा खेळणं, साध्यासुध्या गोष्टींची भीती, आपण फार जगणार नाही अशी मनात धरलेली खूणगाठ, अशा रूपांत ती दिसत होती. आघातानंतर टिकून राहणाऱ्या त्रासाचं 'पीटीएसडी' हे निदान अमेरिकेच्या अधिकृत निदानपुस्तिकेत 1980 मध्ये आलं, त्याच सुमाराचं हे काम. लहान मूल आघात सांगत नाही, वागून दाखवतं. चिडचिड, अंथरुणात लघवी, वर्गात लक्ष नसणं या गोष्टींना 'खोडकरपणा' म्हणायचं की आणखी काही, हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

सगळ्याच मुलांना उपचार लागतात असंही नाही. प्रेमळ, स्थिर मोठी माणसं अवतीभवती असली की बरीच मुलं सावरतात. कुणाला थांबून पाहायचं आणि कुणाला लगेच हात द्यायचा, हा निवाडाही शिकावाच लागतो.

गैरसमज ५ : उपचार म्हणजे मुलाला सगळं बोलून मोकळं करायला लावणं.

वस्तुस्थिती : घटना घडल्याबरोबर खोदून खोदून विचारणं मुलाला त्रासदायक ठरू शकतं. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. सुरुवातीला हवी ती सुरक्षितता, दिनक्रम आणि ओळखीची माणसं.

पुढे लक्षणं टिकली तर पद्धतशीर उपचार असतात. जुडिथ कोहेन, अँथनी मनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी विकसित केलेली 'टीएफ-सीबीटी' ही पद्धत साधारण 3 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिच्यात आधी मन आणि शरीर शांत करणं, भावना ओळखणं शिकवलं जातं. घटनेची गोष्ट मूल त्यानंतर, आपल्या गतीने सांगतं. पालकांची सत्रं बरोबरीने चालतात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अलिशिया लिबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'चाइल्ड-पेरेंट सायकोथेरपी' घडवली. तिथे मूल आणि त्याचा सांभाळ करणारं माणूस एकत्रच बसतात, कारण एवढ्या लहान मुलाचं औषध म्हणजे मुख्यतः ते नातंच. बाळाच्या खेळाकडे आणि आईच्या चेहऱ्याकडे एकाच वेळी लक्ष ठेवणं वाचून येत नाही. शेजारी जाणतं माणूस बसलेलं असलं तर हळूहळू जमतं.

गैरसमज ६ : दोन दिवसांची कार्यशाळा केली की 'ट्रॉमा तज्ज्ञ' होता येतं.

वस्तुस्थिती : कार्यशाळेला महत्त्व आहे, पण ती पायरी आहे. टीएफ-सीबीटीचंच प्रमाणपत्र घ्या. ते मिळवायला आधी परवाना हवा, मग ऑनलाइन अभ्यासक्रम, प्रत्यक्ष प्रशिक्षण, कित्येक महिने जाणकारांशी केसचर्चा आणि स्वतः उपचार पूर्ण केलेले रुग्ण लागतात. अमेरिकेत 2000 साली काँग्रेसने 'नॅशनल चाइल्ड ट्रॉमॅटिक स्ट्रेस नेटवर्क' उभारलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं लॉस एंजेलिस केंद्र आणि ड्यूक विद्यापीठ त्याचं समन्वयन करतात. पोस्टडॉकच्या शोधात असलेल्यांनी या जाळ्यातली केंद्रं जरूर पाहावीत.

गैरसमज ७ : भारतातून एम.फिल. करून थेट तिकडच्या पोस्टडॉकला जाता येतं.

वस्तुस्थिती : आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं दोन वर्षांचं एम.फिल. हा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा रुळलेला मार्ग राहिला आहे. पण ती डॉक्टरेट नव्हे, त्यामुळे रुग्णसेवेच्या पोस्टडॉकसाठी ती पुरत नाही. भारतीय पीएचडीधारकांना संशोधनाच्या जागा मिळू शकतात, पण परवान्यासाठी तिथलं मंडळ अभ्यासक्रम आणि इंटर्नशिप तपासून पाहतं. सरकारी प्रशिक्षण-अनुदानावरच्या काही जागा, तसंच माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या जागा परदेशी उमेदवारांना मिळत नाहीत. विद्यार्थी व्हिसावर तिथेच डॉक्टरेट केलेल्यांना काम करण्याची 'ओपीटी' ही साधारण 12 महिन्यांची मुभा असते. ती कधी वापरायची, हे आधीच आखावं लागतं.

शब्दांचाही घोटाळा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या मानसोपचारातल्या कित्येक 'पोस्टडॉक्टरल फेलोशिप' एम.डी. झालेल्या डॉक्टरांसाठी असतात. तिथे 'डॉक्टरल' म्हणजे पीएचडी नव्हे. इथे काहीच नाही, असंही समजू नये. निम्हान्सचा 'संवाद' हा केंद्र सरकारच्या पाठबळाने चालणारा उपक्रम संकटातल्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो. 2012 च्या पॉक्सो कायद्यामुळे अत्याचारग्रस्त मुलांशी बोलू शकणाऱ्या प्रशिक्षित माणसांची गरज जिल्ह्याजिल्ह्यांत आहे.

केंद्र इथलं असो वा तिथलं, अर्ज करताना संस्थेच्या नावाला भुलण्याआधी थोडे प्रश्न विचारावेत. माझं काम आठवड्याला किती तास कोण पाहणार? कुठल्या वयाची मुलं माझ्याकडे येणार? पालकांबरोबर काम करायला मिळणार का? आणि दिवसभर मारहाणीच्या, मृत्यूच्या, अत्याचाराच्या कहाण्या ऐकल्यावर मी कुणाकडे जाऊन बसायचं?

हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मुलांचा आघात ऐकणाऱ्याच्याही मनात उतरतो. झोप उडते, चिडचिड वाढते, हळूहळू मन बधिर होतं. चांगली सुपरव्हिजन मुलाची काळजी घेते, तशी उपचारकाचीही घेते. मावशीला सांगायचं तर एवढंच सांगावं, शिकायचं राहिलंय ते पुस्तकातलं नाही गं, आणि ते एकटीने शिकायचंही नाही.