खडकापेक्षा म्हातारं तेल

सोहारच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना 2006 साली सुरू झालेली रिफायनरी तुम्ही पाहिली असेल. ओमानच्या कच्च्या तेलात दक्षिणेकडच्या मारमुलचं जड तेलही मिसळलेलं असतं. त्या तेलाची गंमत बघा. त्यातलं बरंचसं सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूत सापडतं, पण ते तिथे तयार झालेलं नाही.

हे कशावरून? तेल कुठेही गेलं तरी आपली जन्मखूण सोबत नेतं. प्राचीन शैवालांच्या पेशींमधल्या स्टेरॉलचे अवशेष, म्हणजे स्टेरेन, तेलात टिकून राहतात. मारमुलच्या तेलातले स्टेरेन आणि हलक्या कार्बनचं जास्त प्रमाण जुळतं ते ‘हुक्फ’ गटाच्या सुमारे 54 कोटी वर्षं आणि त्याहून जुन्या खडकांशी. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, की समुद्रात मासा नव्हता.

मग हे तेल वर आलं कसं? त्याच्या वाटेत ‘आरा’ मिठाचे जाड थर होते आणि मिठातून तेल सहसा पाझरत नाही. पण खोऱ्याच्या पूर्वेकडच्या कडेला भूजलाने मीठ विरघळवलं आणि झाकण उघडलं. पाण्यापेक्षा हलकं तेल तिरप्या थरांतून चढत वाळूत येऊन अडकलं.

हा माग काढणं ही नुसती हौस नाही. विहीर कुठे खणायची ते त्यावर ठरतं. मीठ शाबूत असेल, तर तेल मिठाच्या पोटातल्या कार्बोनेट खडकांत शोधायचं. विरघळलं असेल, तर वरच्या वाळूत.