‘शंभर अधिक वय’ : एक धोक्याचा हिशेब

वय वाढले की रक्तदाबाचे वरचे माप ‘शंभर अधिक वय’ एवढे असायचेच, असा समज आपल्याकडे अजूनही घट्ट आहे. सत्तरीच्या आजोबांचे प्रेशर १७० भरले तरी घरची मंडळी म्हणतात, ‘वयाच्या मानाने ठीकच आहे.’ त्यातून खालचे माप ८० असले, की सारेच निर्धास्त. हा समज का चुकीचा आहे, ते पाहू.

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिण्या म्हणतात. त्यांतील सर्वांत मोठी महारोहिणी तरुणपणी रबरी नळीसारखी लवचिक असते. ठोक्यासरशी ती फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात पूर्ववत होताना रक्त पुढे ढकलते. त्यामुळे धक्का सौम्य होतो व प्रवाह अखंड राहतो. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसाकाठी हे एक लाख वेळा घडते. वर्षानुवर्षांच्या या ताणाने भिंतीतील लवचिक तंतू झिजतात, त्यांची जागा राठ तंतू घेतात, कॅल्शियम साचते. नळी ताठर झाली की धक्का पूर्ण जोराने बसतो आणि वरचे माप चढते. मधल्या वेळचा आधार गेल्याने खालचे माप मात्र उतरते. वरच्या-खालच्या मापांतील मोठे अंतर ही रोहिण्या ताठरल्याची खूण आहे. म्हणून १७० सोबतच्या ८० वर समाधान मानू नये.

हा धक्का पुढे मेंदू व मूत्रपिंडातील नाजूक वाहिन्यांपर्यंत पोहोचतो. अर्धांगवायू, हृदय थकणे, मूत्रपिंड निकामी होणे, स्मरणशक्ती मंदावणे यांमागे तो असू शकतो.

मग म्हातारपणी औषध घेऊन उपयोग काय? याचे उत्तर १९९१ साली मिळाले. अमेरिकेत साठीपुढील ४,७३६ जणांवर अभ्यास झाला. या सर्वांचे फक्त वरचेच माप वाढलेले होते. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणाऱ्या जुन्या, स्वस्त गोळीने उपचार सुरू केलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले.

जन्मतारीख एकच असली तरी दोघांच्या रोहिण्या सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत. विडी, सिगारेट, मधुमेह, जादा मीठ आणि बैठे आयुष्य त्यांना अकाली म्हातारे करतात.

वाचकांनी एवढे करावे :

१. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही सोय असते. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. चहा, तंबाखू अर्धा तास आधी टाळावा.

२. वरचे माप वारंवार १४० किंवा अधिक भरले, तर खालचे कितीही असो, डॉक्टरांना दाखवावे.

३. दिवसाचे एकूण मीठ चहाच्या एका सपाट चमच्यात बसावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यातच मोजायचे.

४. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. तंबाखू कोणत्याही रूपात नको.

५. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. उठताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. ते उभ्यानेही रक्तदाब मोजतील व मात्रा ठरवतील.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. म्हणून घरात कोणी साठी ओलांडलेले असेल, तर त्यांचा रक्तदाब या आठवड्यातच मोजून घ्या. आणि आलेल्या आकड्यातून वय वजा करू नका.