पसंतीक्रम भरताना कटऑफच्या पलीकडे

नीटचा निकाल लागला की घरात एकच कागद हातोहात फिरतो, गेल्या वर्षीचा कटऑफ. त्यावरून पसंतीक्रम भरला जातो आणि मूल पुढची साडेपाच वर्षं कुठे, कोणाच्या संगतीत काढणार ते ठरून जातं. तिथली मुलं सुखात आहेत का, हे विचारायला मात्र पालकांची जीभ रेटत नाही. ‘एमबीबीएस म्हटलं की त्रास आलाच’ म्हणून विषय मिटतो. माझ्या मते तो तिथे मिटवू नये.

‘या कॉलेजचा अभ्यास हलका, त्या कॉलेजचा भारी’ हे पहिल्यांदा मनातून काढा. एम्ससारख्या संस्था सोडल्या तर अभ्यासक्रम देशभर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचाच. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री हे तिन्ही विषय पहिल्याच वर्षी येऊन आदळतात, कॉलेज लातूरचं असो की मुंबईचं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांची विद्यापीठ परीक्षाही एकच. अभिमत विद्यापीठं तेवढी आपली परीक्षा स्वतः घेतात. हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के, यातूनही कोणाची सुटका नाही.

फरक पडतो तो कॉलेजच्या रीतीभातीत. अंतर्गत चाचण्या किती आणि कशा लागून येतात, गुण नावानिशी बोर्डावर लावतात का, कमी पडलेल्याला कोणी बोलावून समजावतं की वर्गात उभं करतं, पहिल्या वर्षीच हॉस्टेल मिळतं की रोज दोन तास प्रवास, रॅगिंगची तक्रार केली तर पुढे काय होतं. माहितीपत्रकात यातलं काही सापडत नाही.

‘ताण सोसल्याशिवाय डॉक्टर घडत नाही’ हा समज सगळ्यात चिवट, कारण तो मोठ्या डॉक्टरांच्याच तोंडून येतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने पहिल्या दोन वर्षांतल्या श्रेणी बंद करून नुसतं पास-नापास ठेवलं. त्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची मनःस्थिती सुधारली होती, आणि विषयांतले गुण, परवान्याच्या परीक्षा, पुढची रेसिडेन्सी यांत कुठेही घसरण नव्हती. म्हणजे ताणाचा एक मोठा भाग शिकण्यासाठी लागतच नाही, तो पद्धतीतून येतो. आपल्याकडे श्रेणी काढून टाकणं कॉलेजच्या हातात नाही. अपमान थांबवणं नक्कीच आहे.

‘कोलमडतात ती मुलं मुळात कच्ची असतात’ असं कोणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं. अमेरिकेतल्या सहा वैद्यकीय शाळांमध्ये २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं, की प्रवेश घेणारी मुलं त्याच वयाच्या इतर पदवीधरांपेक्षा मनाने अधिक धडधाकट होती. त्यानंतर दोन वर्षांनी ४३ देशांतल्या लाखाहून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तर २७.२ टक्के मुलांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं होती. त्यांपैकी उपचारासाठी गेली फक्त १५.७ टक्के. भारतात आयोगाच्या कार्यगटाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालातही पदवीच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. ही पाहणी मुलांनी आपणहून भरलेली होती, हे लक्षात ठेवूनही आकडा लहान नाही. धडधाकट मूल आत जाऊन खचत असेल तर आधी ती जागा तपासायला हवी.

मग जिथे काम कमी तिथे सुख? तेही नाही. रुग्णच नसलेल्या रुग्णालयात दिवस निवांत जातात आणि इंटर्नशिपमध्ये सलाइन लावताना हात थरथरतो. भरलेली ओपीडी थकवते, पण शिकवतेही.

मुलाचा स्वभावही पाहावा लागतो. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासूनचं. तिथे खादी घालायची आणि पहिल्या वर्षी खेड्यात शिबिराला राहायचं. एकाला हा जाच वाटेल, दुसऱ्याला याच जगण्यात आपली माणसं सापडतील.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा मुलाला एकट्यालाच हॉस्टेलच्या मेसकडे जाऊ द्या. दुसऱ्या वर्षाच्या चार जणांना त्याने इतकंच विचारावं, ‘पहिल्या टर्मला मार्क कमी पडले तेव्हा तुम्ही कोणाकडे गेलात?’ उत्तरात एखाद्या सरांचं किंवा मॅडमचं नाव चटकन आलं, तर ते कॉलेज यादीत दोन घरं वर घ्या.