हायड्रोजनची वीज : जमा किती, खर्च किती?

हायड्रोजनवर चालणाऱ्या बसच्या बातम्या हल्ली वर्तमानपत्रांत येतात. त्या वाचून कोणी म्हणतो, "आता पाण्यावर गाडी धावणार!" हे खरे नाही, पण अगदी खोटेही नाही. आपल्या घरांतली मुले विज्ञान शिकत आहेत. अनेकांचे पोट गाडीवर नाही तर कारखान्यावर चालते. म्हणून हा विषय जमाखर्चाच्या वहीसारखा दोन्ही बाजूंनी पाहू.

हा घट चालतो कसा?

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे शाळेत शिकवतात. फ्युएल सेल, म्हणजे इंधनघट, याच्या उलट काम करतो. तो या दोन वायूंना पुन्हा एकत्र आणतो आणि त्यातून वीज काढतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास ही कल्पना प्रयोगाने दाखवली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत वीज याच घटांतून मिळे आणि त्यातून निघालेले पाणी अंतराळवीर पीत.

गाडीतल्या घटात दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक पातळ पडदा. एका बाजूने हायड्रोजन येतो. तिथे प्लॅटिनमचा थर असतो. त्यावर हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो. उरलेला प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो, पण पडदा इलेक्ट्रॉनला वाट देत नाही. त्याला तारेतून वळसा घ्यावा लागतो आणि तारेतला हा प्रवास म्हणजेच वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन भेटतो आणि पाणी तयार होते. एका घटातून एक व्होल्टही मिळत नाही. म्हणून भाकऱ्यांची चवड रचावी तसे शेकडो घट एकावर एक रचतात.

जमेची बाजू

धूर नाही, खडखडाट नाही, मागच्या नळीतून निघते ते पाणी आणि वाफ. गॅस भरायला काही मिनिटे पुरतात, बॅटरीसारखे तासन् तास थांबावे लागत नाही. आपल्या पुण्यात केपीआयटी कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी अशी मोटार तयार करून २०२० मध्ये तिची चाचणी घेतली. तिच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन मावतो आणि त्यावर सुमारे २५० किलोमीटर जाता येईल असा अंदाज दिला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच बसही दाखवण्यात आली. जव्हार-मोखाडा-त्र्यंबक अशा घाटाच्या लांब मार्गावर जड बॅटरी वाहण्यापेक्षा असे वाहन पुढेमागे सोयीचे ठरू शकेल.

खर्चाची बाजू

मुख्य गोष्ट अशी की हायड्रोजन ही कमाई नव्हे, ती साठवण आहे. कोळशासारखा तो खाणीतून काढून आणता येत नाही, आधी ऊर्जा खर्चून तयार करावा लागतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासच्या वर युनिट वीज लागते. तोच किलो घटात घातला तर परत मिळतात साधारण सोळा-सतरा युनिट. म्हणजे तीन रुपये ठेवले आणि एक रुपया हाती आला. बॅटरी शंभरातले ऐंशीहून अधिक परत देते. म्हणून पाड्यावरच्या दिव्याला किंवा आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रिजला सौर पत्रे आणि बॅटरी हाच आज शहाणपणाचा मार्ग.

दुसरे, आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. चेंबूरच्या आर. सी. एफ. खत कारखान्यातही अमोनियासाठी तो नैसर्गिक वायूपासूनच घेतात. त्यात गाडीचा धूर थांबतो, पण कारखान्याचा सुरू राहतो. तिसरे, हा वायू दाबून भरायला अतिशय मजबूत टाक्या लागतात. त्याला वास नाही, ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसत नाही. मात्र तो हवेपेक्षा खूप हलका. गळला तर सिलिंडरच्या गॅससारखा खाली न साचता वर उडून जातो.

पाणी कोणाचे?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. एक किलोला नऊ लिटर शुद्ध पाणी, या निव्वळ रासायनिक हिशेबाने वर्षाला ४,५०० कोटी लिटर लागेल. हे मुंबईच्या अकरा-बारा दिवसांच्या पाण्याइतके. देशाच्या मानाने फार नाही. पण ते कोणत्या गावातून उचलणार, हा खरा प्रश्न. मोखाड्याला तो समजावून सांगावा लागत नाही. मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झाले, पाणी मुंबईला गेले. मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विजेचाही कारभार होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ही त्यांची भूमिका होती. हायड्रोजनलाही तेच माप लावावे. उद्या कोणी हायड्रोजन प्रकल्पाची घोषणा केली तर टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. हायड्रोजन कशापासून करणार? पाणी कुठले? आणि त्यात रोजगार कोणाला? आपल्या मुलामुलींनी आय. टी. आय. मध्ये वीज आणि वेल्डिंगची कामे, महाविद्यालयात रसायनशास्त्र मन लावून शिकावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच आपल्या बाजूने येईल.