गोदावरीचा किनारा किती मागे सरला?

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. दवळेश्वरमच्या खाली गौतमी आणि वसिष्ठ या तिच्या दोन मुख्य शाखा होतात. त्यांनी आणलेल्या गाळातून हजारो वर्षांत तेथे सुपीक त्रिभुज प्रदेश घडला. आता मात्र समुद्र ही जमीन परत घेऊ लागला आहे. आंध्र विद्यापीठातील बी. हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९७६ ते २००१ या २५ वर्षांत या किनाऱ्याने निव्वळ १,८३६ हेक्टर जमीन गमावली. वर्षाला सरासरी ७३ हेक्टर. असा हिशेब मांडतात तरी कसा?

रेषा कोणती धरायची?

समुद्राचे पाणी भरती-ओहोटीनुसार दिवसभर पुढे-मागे होत असते. ज्या पुळणीचा उतार शंभरास एक आहे, तेथे पाण्याची पातळी एक मीटरने वाढली तरी पाण्याची कड १०० मीटर आत येते. एक चित्र ओहोटीचे आणि दुसरे भरतीचे असेल, तर धूप झालेली नसतानाही ती दिसेल. म्हणूनच शक्यतो एकाच ऋतूतील आणि भरतीच्या सारख्याच स्थितीतील चित्रे निवडली जातात. वाळूच्या किनाऱ्यावर भरतीने सोडलेली ओली खूण रेषा म्हणून धरता येते. त्रिभुज प्रदेशात सपाट चिखल आणि खारफुटी असल्याने ही खूण पुसट असते. अशा ठिकाणी खारफुटीची समुद्राकडील कड धरण्याचा पर्याय असतो. कोणतीही खूण निवडली, तरी सर्व वर्षांसाठी तीच वापरणे आवश्यक ठरते.

नकाशापासून उपग्रहापर्यंत

जुन्या काळासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे उपयोगी पडतात. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. पेन्सिलीच्या रेघेची जाडीसुद्धा येथे महत्त्वाची ठरते. १९७२ पासून अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे मिळू लागली. सुरुवातीच्या चित्रांतील एक ठिपका सुमारे ८० मीटरचा होता. १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए अवकाशात गेला. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ची १० मीटर ठिपक्याची चित्रे उपलब्ध आहेत. पाणी अवरक्त किरण शोषून घेते, त्यामुळे या किरणांच्या चित्रात समुद्र काळा आणि जमीन उजळ दिसते. संगणकाला दोहोंमधील सीमा त्यावरून काढता येते.

गती आणि चूक

निरनिराळ्या वर्षांच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या, की किनाऱ्याला काटकोनात ठरावीक अंतरावर आडव्या रेघा मारतात. प्रत्येक रेघेवर किनारा किती सरकला ते मोजून त्याला वर्षांनी भागले, की गती मिळते. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची 'डीएसएएस' ही संगणक प्रणाली हेच काम करते. रेषा दोनापेक्षा अधिक असतील, तर सर्व नोंदींच्या जवळून जाणारी सरळ रेषा काढून दीर्घकालीन कल शोधतात. त्यामुळे एखाद्या चक्रीवादळाने एका वर्षात केलेल्या पडझडीने निष्कर्ष बिघडण्याची शक्यता कमी होते.

त्यासोबत चुकीचा हिशेबही द्यावा लागतो. समजा, एका रेषेत ४० आणि दुसरीत ३० मीटरची चूक संभवते. दोन्ही मिळून ती ५० मीटर होते. २५ वर्षांत विभागली तर वर्षाला दोन मीटर. मग 'वर्षाला एक मीटर धूप' या दाव्याला अर्थ उरत नाही. वर्षाला दहा मीटरची धूप मात्र ठामपणे सांगता येते.

गाळ अडला कोठे?

याच अभ्यासात दुसरे मोजमाप नदीतील गाळाचे होते. दवळेश्वरमपाशी १९७१ ते १९७९ या काळात वर्षाकाठी सरासरी १५ कोटी २ लाख टन गाळ येत असे. १९९० ते १९९८ या काळात तो ५ कोटी ७२ लाख टनांवर आला. अभ्यासकांनी त्याचा संबंध खोऱ्यातील धरणांशी जोडला. या खोऱ्याचा जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात आहे आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेले पैठणचे जायकवाडी धरण याच नदीवर उभे आहे. जलाशयात बसणारा गाळ धरणाची साठवण घटवतो आणि समुद्राकाठच्या जमिनीची भरही तोडतो. त्रिभुज प्रदेशातील मऊ जमीन स्वतःच्या भाराने खचत असते. नवा गाळ मिळाला नाही, तर ही तूट भरून निघत नाही.

'निव्वळ' आकडाही जपून वाचावा लागतो. एकीकडे वाळू साचून जमीन वाढते, तर दुसरीकडे गाव खचते. काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावाने घरे आणि रस्ता समुद्रात जाताना पाहिला आहे. अन्यत्र वाढलेल्या जमिनीचा तेथील कुटुंबांना उपयोग नाही. बंधारा कोठे घालावा, वस्ती कोठे हलवावी आणि घरबांधणीला परवानगी कोठवर द्यावी, हे ठरवताना सरासरीपेक्षा त्या गावासमोरच्या आडव्या रेघेवरचा आकडा आणि त्यातील चुकीची मर्यादा पाहणे अधिक मोलाचे आहे.