अडीच लाखांची झूम लेन्स घ्यावी का? अप्पर वर्धाच्या काठावरचा हिशेब

"दादा, १००-५०० घेऊन टाकू का? ईएमआय बसते." मोर्शीहून चुलतभावाचा मेसेज आला आणि माझा रविवार त्यातच गेला. त्याच्याकडे कॅनन आर१० आणि सोबत आलेली १८-१५० मिमी लेन्स आहे. सुट्टीला तो सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाच्या काठावर पक्ष्यांचे फोटो काढतो. त्याला हवी ती कॅननची आरएफ १००-५०० लेन्स, किंमत अडीच लाखांच्या आसपास. २४ हप्ते पाडले तर व्याज सोडूनच महिन्याला १० हजारांवर. त्याचा पगार मला माहीत आहे.

आधी मोबाईलचं बोलू, कारण "माझ्या फोनला १००x आहे" असं कुणीतरी म्हणणारच. एस२४ अल्ट्राची ५x लेन्स म्हणजे साधारण १११ मिमी. त्यापुढचं बरंचसं क्रॉप आणि सॉफ्टवेअरची कमाल. आर१० वर ४०० मिमी लावली तर ती ६४० मिमीसारखी दिसते. दूरच्या पक्ष्यासाठी ही तुलनाच होत नाही.

आता खरा प्रश्न. कॅननचीच आरएफ १००-४०० साठ हजारांच्या आसपास मिळते. मग वरचे जवळपास दोन लाख कशाचे?

हिशेब सोपा आहे: पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. ६० सेंमीचा चक्रवाक २०० मीटरवर बसलाय असं धरा. आर१० च्या सेन्सरवर त्याची लांबी अशी येते: १५० मिमीवर साधारण १२० पिक्सेल, ४०० वर ३२०, ५०० वर ४००. म्हणजे स्वस्त लेन्सनेच मोठी उडी मारून झाली, वरच्या दोन लाखांत ८० पिक्सेल. आणि हाच पक्षी १०० मीटरवर आला, तर ४०० मिमीवरच ६४० पिक्सेल! काठावर गवतात अर्धा तास गुपचूप बसायला पैसे लागत नाहीत. (डास चावतात, ते वेगळं.)

महाग लेन्स खरी कामी येते कमी उजेडात. ४०० मिमीला ती एफ/६.३ उघडते, स्वस्तवाली एफ/८. म्हणजे सुमारे १.६ पट प्रकाश: जिथे आयएसओ ३२०० लागतो तिथे २००० वर भागतं. पहाटेच्या फोटोत हा फरक दिसतो. शिवाय धूळ-पावसापासून संरक्षण, जे स्वस्तवालीला नाही. पण वजन १,३७० ग्रॅम, स्वस्तवालीचं ६३५. गळ्यात अडकवून दिवसभर फिरा, मग कळतं.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक भानगड आहे: ऊन. दहानंतर तापलेली हवा थरथरते आणि दूरचा पक्षी पाण्यात पाहिल्यासारखा वितळतो. त्यावर कुठल्याच लेन्सचा इलाज नाही, उलट जास्त झूम केलं की थरथरही मोठी दिसते. भावाने पाठवलेले 'अनशार्प' फोटो मी उघडून वेळ पाहिली, तर बहुतेक सकाळी ११ ते २ मधले.

फोटोतून पैसे येत असतील, रोज पहाटे मेळघाटात गाडी निघत असेल, तर १००-५०० जरूर घ्या. त्याचं तसं नाही.

"मग काहून नाही घ्यायची, ते समजलं," तो म्हणाला, पण मन भरलं नव्हतं. म्हणून ठरलं असं: आधी १००-४००, तीही हप्त्यांशिवाय, दिवाळीनंतर. डिसेंबरात नागपूरहून मोठी लेन्स दोन दिवस भाड्याने आणायची आणि दोन्ही लेन्सनी एकाच पक्ष्याचे, सूर्य उगवताना फोटो काढायचे. लॅपटॉप मी नेणार आहे.