मेंदूतील पट्टकृमी

आठ-दहा वर्षांचे, एरवी धडधाकट असलेले मूल एके दिवशी अचानक आकडी येऊन पडते. चेहऱ्याच्या एका बाजूला किंवा एका हाताला झटके येतात. काही मिनिटांत ते थांबतात आणि थोड्या वेळाने मूल पूर्ववत बोलू लागते. पंजाब, हरियाणा व हिमाचल प्रदेश या भागांतून अशी मुले चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत आणली जातात. १९६२ साली स्थापन झालेली ही संस्था त्या भागात ‘पीजीआय’ या नावानेच ओळखली जाते. अशा मुलाच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढले असता पुष्कळदा त्यात एकच लहानसे कडे दिसते आणि त्याच्या भोवती सुजेची छाया असते. हे कडे कशाचे, यावर पुढचे सारे उपचार अवलंबून असतात.

भारतात सीटी स्कॅनची यंत्रे १९७०च्या दशकाच्या अखेरीस आली. तेव्हापासून अशी कडी डॉक्टरांना वरचेवर दिसू लागली आणि ती क्षयाची गाठ असावी असे बहुतेकांनी मानले. ज्या देशात क्षय घरोघरी आहे, तेथे हा तर्क अगदीच अनाठायी नव्हता. रुग्णाला क्षयाची औषधे महिनोन्‌महिने दिली जात; काही आठवड्यांत कडे नाहीसे होई आणि त्याचे श्रेय औषधांना मिळे. परंतु ज्यांनी क्षयाचे औषध घेतलेच नव्हते अशा रुग्णांच्या मेंदूतूनही ही कडी नाहीशी होत असल्याचे आढळले, तेव्हा शंका उत्पन्न झाली. क्षयाची गाठ आपण होऊन अशी विरत नाही.

या शंकेचे निरसन दक्षिणेत झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चँडी, वेदान्तम् राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांत क्षयाचे जंतू नव्हते. होती ती डुकराच्या पट्टकृमीची मरणोन्मुख अळी. हे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे निदानाचे ठोकताळे ठरले. गाठ वीस मिलिमीटरांपेक्षा लहान असावी, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नसावा, डोक्यातील दाब वाढल्याची चिन्हे नसावीत आणि हातापायांचे बळ उत्तरोत्तर कमी होत नसावे. एवढे जुळले की कवटी उघडण्याची गरज उरत नाही. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी साहाय्यक ठरते; पण गाठ एकच असेल तर ती बऱ्याचदा नकारार्थी येते. त्यामुळे तिच्यावर विसंबून रोग नाही असे म्हणता येत नाही.

ही अळी मेंदूत पोहोचते कशी? येथे एक गैरसमज फार दृढ आहे. डुकराचे अळीयुक्त मांस कच्चे राहिले आणि ते कोणी खाल्ले, तर त्याच्या आतड्यात काही मीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. त्याचा उपद्रव बेताचाच असतो. मात्र त्या माणसाच्या विष्ठेतून कृमीची हजारो अंडी बाहेर पडतात. ती डुकराच्या पोटात गेली तर अळ्या डुकराच्या स्नायूंत घर करतात; माणसाच्या पोटात गेली तर त्याच्या स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत. म्हणजे मेंदूचा हा विकार मांसातून होत नाही, तो विष्ठेतील अंड्यांतून होतो. “आमच्या घरात मांस शिवतही नाही,” असे सांगणाऱ्या शाकाहारी कुटुंबातील मुलालाही तो होतो, कारण न धुतलेली भाजी, दूषित पाणी किंवा स्वयंपाक करणाऱ्याचे अस्वच्छ हात पुरेसे असतात. पीजीआयच्या परोपजीवीशास्त्र विभागाने चंदीगड परिसरातील झोपडवस्त्या, खेडी व शहरी वस्ती येथील लोकांचे रक्त तपासले, तेव्हा या अळीविरुद्धची प्रतिपिंडे सर्वत्र आढळली. भारतात राहून गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या बाबतीत तर आकडी पुष्कळदा मायदेशी परतल्यावर, काही वर्षांनी आली होती. अळी जिवंत असेपर्यंत शरीराची प्रतिकारयंत्रणा तिच्याकडे फारशी वळत नाही. ती मरू लागली की भोवती दाह होतो आणि आकडी येते.

मग जी अळी आधीच मरणपंथाला लागली आहे, तिला औषधाने मारण्याची गरज काय? हा प्रश्न रास्त होता आणि त्यावर बराच वाद झाला. पीजीआयमध्ये प्रतिभा सिंघी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३ मुलांवर याची कसोटी घेतली व १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांना अल्बेंडाझोल व काहींना तसेच दिसणारे निर्गुण औषध देण्यात आले; कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. तीन महिन्यांनी अल्बेंडाझोल घेतलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांच्या गाठी नाहीशा झाल्या होत्या. दुसऱ्या गटात एक-तृतीयांशाहून थोड्याच अधिक मुलांच्या. पुढे त्याच संस्थेत एक आठवड्याचा उपचार चार आठवड्यांच्या उपचाराशी ताडून पाहिला, तेव्हा दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. औषधाचा खर्च ज्यांना जड जातो, त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

अळी मरताना सूज वाढते, म्हणून सोबत स्टेरॉइड दिले जाते. आकडी थांबविणारे औषध तर पहिल्यापासूनच चालू असते. काही रुग्णांत मात्र अळी मारण्याची घाई घातक ठरते. मेंदूत असंख्य अळ्या असून तो सुजलेला असेल तर आधी सूजच उतरवावी लागते. डोळ्यात अळी असल्यास औषधाने होणारा दाह दृष्टी हिरावून घेऊ शकतो. म्हणून उपचारापूर्वी डोळ्यांची आतून तपासणी करतात. मेंदूच्या पोकळीत अडकलेली अळी बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. घरात कोणाच्या आतड्यात पट्टकृमी आहे काय, हेही पाहावे लागते, नाहीतर अंड्यांचा उगम तसाच राहतो.

आकडीचे औषध किती काळ द्यावे, याचाही पीजीआयमध्ये अभ्यास झाला. एक वर्ष आणि दोन वर्षे औषध घेतलेल्या मुलांची तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. आकडी परत येण्याच्या प्रमाणात विशेष अंतर नव्हते. ज्यांच्या मेंदूत गाठ तशीच राहिली होती किंवा तिचा चुनखडीसारखा कण बनला होता, त्यांना मात्र ती परत येण्याचा धोका अधिक होता. म्हणून औषध बंद करण्यापूर्वी डॉक्टर पुन्हा एकदा स्कॅन काढतात. ते कडे तेथे आहे की नाही, हे पाहूनच पुढचा निर्णय घेतला जातो.